पाणी ओसरल्यावर

चष्म्याच्या दुकानात तो छोटा आरसा हातात घेईपर्यंत शोभनाला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. बेलव्ह्यूमधलं दुकान, मंगळवारची सकाळ, पूर्वेच्या मोठ्या काचेतून सरळ आत आलेलं ऊन. काउंटरपलीकडची मुलगी एकेक फ्रेम काढून देत होती आणि प्रत्येक फ्रेमला न चुकता 'ब्यूटिफुल' म्हणत होती. तिसरी, तपकिरी फ्रेम लावून शोभनाने आरसा उजेडाकडे वळवला आणि तिला फ्रेम दिसलीच नाही. बुबुळांभोवतीचा पांढरा भाग पांढरा नव्हता. फार नाही, जुन्या पुस्तकाच्या पानांना कडेने येतो तेवढाच पिवळेपणा. तिने पापणी बोटाने खाली ओढली, दुसरीही ओढली. गेल्या दोन महिन्यांत वजन उतरलं होतं आणि ती त्यावर खूष होती. तळहातांना खाज सुटत होती, ती नव्या साबणामुळे. लघवी गडद होत होती, ती पाणी कमी पिते म्हणून. प्रत्येक गोष्टीला एक निरुपद्रवी कारण होतं, आणि त्या आरशात ती सगळी कारणं एकदम गळून पडली. कुठे दुखत मात्र नव्हतं, आणि न दुखणं हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती; खडा असता तर दुखलं असतं. सदुसष्ट वर्षांची बाई, वेदना नसलेली कावीळ. फिल्म न बघताही रिपोर्ट लिहिता आला असता. "हीच द्या," ती मुलीला म्हणाली, आणि चष्मा दहा दिवसांनी मिळेल हे तिने मान डोलावत ऐकून घेतलं.

निवृत्त होऊन बेलव्ह्यूला मुलीजवळ येण्याआधी सदतीस वर्षं तिने रेडिऑलॉजिस्ट म्हणून काढली होती. मिनेसोटातल्या एका इस्पितळात तिची खोली तळमजल्यावर होती, बिनखिडकीची, मुद्दाम अंधारलेली. पडद्यावर माणसं यायची ती आतून यायची, चेहऱ्याशिवाय. यकृत, मणके, फुप्फुसांचे काळे पंखे. ती बघायची आणि मायक्रोफोनमध्ये सपाट आवाजात बोलायची, आणि मग ते शब्द वरच्या कुठल्यातरी मजल्यावर जायचे, जिथे दुसरा कोणी डॉक्टर खुर्ची पुढे ओढून, आवाज मऊ करून, कोणाला तरी ते सांगायचा. ते सांगणं तिच्या वाट्याला कधी आलं नाही. सुरुवातीला तिला वाटायचं, आपण सुटलो. पुढे पुढे तसं वाटणंही बंद झालं.

दुकानातून बाहेर पडल्यावर तिने कोणालाच फोन केला नाही. दिवसातून दोनदा ती फोन हातात घ्यायची, डॉक्टरचा नंबर काढायची आणि मग हवामान बघायची. घरातल्या दिव्यांत डोळे ठीक दिसायचे. दिव्यांना पिवळं कळत नाही, ते ऊनच दाखवतं. म्हणून ती घरात पडदे ओढून बसू लागली आणि बाहेर जाताना काळा चष्मा लावू लागली. चौथ्या दिवशी केयाचा फोन आला. केया तिची एकुलती मुलगी, एकतीस वर्षांची, मिनेसोटातच जन्मलेली. नद्यांचं पाणी मोजायची तिची नोकरी होती. कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून ती ओढ्यांत उभी राहायची आणि आकडे घ्यायची. "आई, नेक्स्ट वीकेंडला कॅम्पिंगला येशील?" दर वर्षी ती विचारायची, आणि दर वर्षी शोभना पाठीचं कारण द्यायची. "ओरेगनमध्ये एक रिझर्व्हॉयर आहे, हाय डेझर्टमध्ये. यंदा पाणी इतकं खाली गेलंय ना, जुनी नदी दिसायला लागलीये. मला बघायचंय." शोभना म्हणाली, "येते." "रिअली?" केयाने विचारलं, आणि त्या एका शब्दातल्या आनंदाने शोभनाला इतकं अपराधी वाटलं, की तिने घाईने थर्मासचं काहीतरी विचारलं.

नऊ तासांचा रस्ता होता. डोंगर ओलांडल्यावर झाडं विरळ होत होत संपली आणि करड्या झुडपांचा माळ सुरू झाला, क्षितिजापर्यंत तोच. खिडकी उघडली की त्या झुडपांचा, सेजब्रशचा, कडवट वास यायचा, ओव्यासारखा, पण त्यात औषधाची झाक. शेवटच्या गावात केयाने पेट्रोल भरलं. तिथून तीस मैलांवर फोनची रेंज गेली आणि डांबर संपलं. शोभना काळ्या चष्म्यातून बघत राहिली. "यू लुक सो कूल, आई," केया म्हणाली. संध्याकाळ होता होता ते पाणी दिसलं, किंवा पाणी जिथे असायला हवं होतं ती जागा. काळ्या खडकांच्या कड्यांवर माणसाच्या तिप्पट उंचीवर एक पांढरी रेघ सगळीकडून फिरत गेली होती. पाणी पूर्वी तिथपर्यंत होतं. आता खूप खाली, मधोमध, एक हिरवट पट्टा उरला होता. होड्या उतरवायचा काँक्रीटचा उतार मध्येच तुटल्यासारखा संपत होता आणि त्याच्यापुढे चिखल, वाळून भेगाळलेला, पाव मैल. फलकावर लिहिलं होतं, पाण्यात विषारी शेवाळ आहे, कुत्र्यांना पिऊ देऊ नका. दुसरा तंबू नव्हता, दुसरी गाडी नव्हती.

शनिवारी सकाळी चहा घेताना शोभनाला चिखलात काहीतरी काळं दिसलं. तिला वाटलं खडक. केयाने दुर्बीण लावली आणि लगेच खाली केली. "गाय आहे. डेड आहे." पाणी प्यायला गेली असणार आणि पोटापर्यंत रुतली असणार. पाठ तेवढी वर होती आणि तिच्यावर दोन कावळे, आपल्याकडच्यापेक्षा दुप्पट मोठे, काही घाई नसल्यासारखे चालत होते. "किती वेळ लागला असेल तिला?" शोभनाने विचारलं. "डोंट, आई," केया म्हणाली. पण शोभना दिवसभर पुन्हा पुन्हा तिकडेच बघत राहिली. गाय धडपडली असेल, मग थांबली असेल. थांबल्यावर तिने उभ्या उभ्या काय बघितलं असेल? समोर पाणी, पन्नास पावलांवर.

दुपारी वारा पडला. इतकी शांतता शोभनाने कधी अनुभवली नव्हती, स्वतःच्या कानांतलं रक्त ऐकू येईल एवढी. केया खुर्चीत पाय वर घेऊन वाचत होती, मधूनच बोलत होती, ऑफिसमधलं, मैत्रिणीच्या लग्नातलं. आता सांगावं, शोभनाला वाटायचं. हे पान उलटलं की सांगावं. पान उलटायचं. तिला तिचा नवरा, चंद्रशेखर, आठवला. सात वर्षांपूर्वी त्याचा स्कॅन तिच्याच इस्पितळात झाला. वाचायचं काम दुसऱ्याकडे होतं, तरी तिने आपल्या पडद्यावर तो उघडला, गुरुवारी संध्याकाळी, खोलीत कोणी नसताना. डाव्या फुप्फुसात गाठ होती. ती घरी गेली तेव्हा तो त्यांच्या ईडन प्रेरीतल्या घराच्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. "काय दिसलं गं?" त्याने विचारलं. "अजून रिपोर्ट आला नाही," ती म्हणाली. शुक्रवारी ते एकांकडे जेवायला गेले आणि तो खूप हसला. रविवारी तो शिडी लावून पन्हळीतला पाचोळा काढायला चढला. ती खाली शिडी धरून उभी राहिली, त्याच्या जुन्या बुटांच्या तळव्यांकडे बघत. सोमवारी त्याच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं. परतताना गाडीत, लाल सिग्नलला, तो म्हणाला, "तुला गुरुवारीच माहीत होतं ना?" तिने सिग्नलकडे बघितलं. तो हिरवा झाला. त्यानंतर तो चौदा महिने होता आणि त्याने तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

"मी जरा खाली जाऊन येते," केया उठली. चार वाजून गेले होते. चिखलाच्या पलीकडे, जुन्या नदीच्या पात्राजवळ, पाण्याची पातळी मोजायची एक पट्टी उभी दिसत होती, आकडे रंगवलेली, कित्येक वर्षं पाण्याखाली राहिलेली. केयाला तिचा फोटो हवा होता. "ती गाय बघितलीस ना?" शोभना म्हणाली. "गाय हजार पाउंडांची असते, आई. आणि मी हेच काम करते." ती हसली, काठाच्या भेगाळलेल्या मातीवर दोनदा पाय आपटून दाखवला आणि निघाली. तिच्या पायांखाली पोपडे खपलीसारखे वाजत होते. तिचं लाल जाकीट लहान होत गेलं. शोभनाने पुस्तक उचललं आणि पहिल्या ओळीवरच डोळे ठेवले. वाक्य होतं, शब्द होते. पोपड्यांचा आवाज थांबलेला तिला जरा उशिरा जाणवला.

"आई!" आवाज हसरा होता. "मी अडकलेय!" लाल जाकीट बुटकं झालं होतं. शोभना काठापर्यंत पोचली तेव्हा केया गुडघ्यांच्या वर, मांड्यांपर्यंत आत होती, दीडशे पावलांवर. वरचा पोपडा कोरडा आणि खाली सगळं लापशीसारखं. ती एक पाय ओढायची आणि दुसरा आणखी खाली जायचा. "हलू नकोस!" शोभना ओरडली. "इट्स लाइक सिमेंट, आई. आणि खूप थंड आहे." पाच मिनिटांनी तिचं हसणं संपलं. "ऐक, गाडीची किल्ली तंबूत आहे. रेंज येईपर्यंत जा, नाइन वन वन कर. मी थांबते. आय गॉट धिस."

शोभना धावली म्हणण्याइतकं ते धावणं नव्हतं. तिने किल्ली शोधली, गाडी सुरू केली. काचेतून रस्ता दिसत होता, पांढरी धूळ, टेकडीमागे नाहीसा होणारा. रेंजपर्यंत तास. मग कुठल्यातरी गावातून माणसं निघणार, ती इथे पोचणार. तीन तास, कदाचित चार. सात वाजता सूर्य जाणार होता आणि आज पहाटे बाटलीतल्या पाण्यावर बर्फाची साय आली होती. मांड्यांपर्यंत थंड चिखलात असलेलं साठ किलोचं शरीर चार तासांत काय करतं, हे तिला नीट माहीत होतं, टप्प्याटप्प्याने. आधी कापरं, मग कापरं थांबणं. पण तिने गाडी बंद केली ती एवढ्याचसाठी, असं तिला नंतरही छातीवर हात ठेवून म्हणता आलं नसतं. तिला दिसली ती तळमजल्यावरची अंधारी खोली. ती गाडी घेऊन जाईल, कोणाला तरी सपाट आवाजात सगळं अचूक सांगेल, आणि इथे चिखलात दुसरंच कोणीतरी पोचेल. चूक की बरोबर तिला कळलं नाही. ती उतरली.

दोन्ही स्पंजच्या गाद्या, घडीच्या टेबलाची फळी, बर्फाच्या पेटीचं झाकण, पाण्याचा कॅन, तंबूचा एक बांबू. एवढं सगळं चादरीत ओढत ती काठावर आली. "का परत आलीस?" केया किंचाळली. "आई, गो! प्लीज!" तिच्या आवाजात आता रडू होतं, आणि राग. पोपडा जिथे मऊ लागला तिथे तिने पहिली गादी टाकली आणि तिच्यावर पालथी झाली. मग दुसरी पुढे टाकायची, सरपटत तिच्यावर जायचं, मागची ओढून पुढे घ्यायची. चिखलाला कुजक्या माशांचा वास होता. पोटाखाली सगळं डुचमळत होतं, जणू ती कुठल्या तरी मोठ्या जनावराच्या कातडीवरून चालली होती आणि ते अजून जागं झालं नव्हतं. डावीकडे, फार लांब नाही, गायीची पाठ होती. कावळे उडाले नाहीत. त्यांनी फक्त मान वळवली.

ती पोचली तेव्हा केयाचे ओठ निळसर झाले होते. "पाठीवर झोप," शोभना म्हणाली, "फळीवर. बसल्यासारखी. घाबरू नकोस, वजन पसरलं की आत जाणार नाहीस." हा आवाज तिचाच होता, पण सपाट नव्हता. तिने बांबू केयाच्या मांडीलगत खुपसला, हलवला, त्या भोकात पाणी ओतलं, पुन्हा हलवला. चिखल पाय सोडत नाही तो आतल्या पोकळीमुळे, पाणी गेलं की पकड सुटते. हे तिने कुठे वाचलं होतं की आत्ताच तिला सुचत होतं, देव जाणे. "मी निघेन ना?" केयाने विचारलं. तिचे दात वाजत होते. "आई, खरं सांग. मी निघेन ना?" हो, म्हणायचं होतं. प्रत्येक आई हो म्हणाली असती. "माहीत नाही," शोभना म्हणाली. "पण मी इथून जाणार नाही." केयाने तिच्याकडे बघितलं. आश्चर्य म्हणजे ती शांत झाली, आणि सांगितल्याप्रमाणे टाच इंचाइंचाने हलवू लागली.

पहिला पाय सुटायला अर्धा तास लागला. सुटला तेव्हा चिखलाने ओला, अश्लील आवाज केला आणि बूट आतच ठेवून घेतला. कॅन रिकामा झाला तेव्हा शोभना झाकणाने त्याच खड्ड्यातलं गढूळ पाणी उपसून घालू लागली. ती पालथीच होती, बरगड्यांखाली फळीची कड रुतत होती, आणि त्या कडेच्याही आत कुठेतरी खोल, पाठीच्या बाजूला, काहीतरी बोथटपणे हजर झालं होतं. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. केयाने तिच्या खांद्याला धरून दुसरा पाय ओढला, तिच्या कोपराचा धक्का शोभनाच्या चेहऱ्याला बसला आणि काळा चष्मा उडून चिखलात पडला. दोघींचे चेहरे वीतभर अंतरावर होते. सूर्य अगदी खाली आलेला, आडवा, सगळं उघडं करणारा. केया ओढायची थांबली.

"तुझे डोळे," ती म्हणाली.

"ऊन आहे. पाय हलव."

"नाही. ऊन नाहीये. यलो आहेत."

"केया, पाय हलव."

तिने हलवला. दोघी काम करत राहिल्या, आणि आता केया आईच्या हातांकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. दुसरा पाय सुटला तेव्हा कड्यांची सावली चिखलावरून अर्ध्यावर आली होती. गाद्यांवरून दोघी एकामागे एक सरपटत परत आल्या. काठाच्या कठीण मातीवर केया उताणी पडली आणि तिला उलटी झाली. शोभनाने तिचे ओले कपडे तिथेच उतरवले, लहानपणी उतरवायची तसे, आणि तिला स्लीपिंग बॅगमध्ये घालून गाडीत बसवलं, हीटर लावला. स्वतः पलीकडच्या सीटवर बसली. काच आतून धुरकट होत गेली. बाहेरचं काही दिसेना, बरंच झालं. केयाचं कापरं वाढलं, मग हळूहळू कमी झालं. शोभना तिची नाडी धरून बसली होती. कापरं थांबलं ते चांगल्या कारणाने, हे तिने दोनदा तपासलं.

"आता सांग," केया म्हणाली.

"आधी चहा घे."

"आई." तिने थर्मास बाजूला सारला. "कधीपासून?"

"अकरा दिवस. मला दिसल्याला अकरा दिवस. आधीपासून असेल."

"डॉक्टरला?"

शोभनाने नकारार्थी मान हलवली.

"इलेव्हन डेज," केया म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "बाबांच्या वेळी पण तू हेच केलंस. ही टोल्ड मी. तुला काय वाटलं, त्यांनी मला सांगितलं नसेल? ते म्हणाले, तिला रागावू नकोस, तिला बोलता येत नाही. यू नो, मी रागावले नाही. सात वर्षं मी ट्राय करतेय न रागवायचा." ती रडत नव्हती. चिखल तिच्या गालावर सुकून ताणला जात होता. "मी आत्ता विचारलं ना तिथे, मी निघेन का, आणि तू खोटं नाही बोललीस. सो डोंट स्टार्ट नाऊ."

हीटरचा घरघराट चालला होता. त्याला बोलता येत होतं, शोभनाला वाटलं, मुलीशी, माझ्याबद्दल. तिला याचं दुःख होईल असं वाटलं होतं. झालं नाही. उलट कोणीतरी शिडी खालून धरून ठेवली असावी तसं काहीतरी वाटलं, आणि ते फार वेळ टिकलं नाही.

"स्टोन असेल," केया म्हणाली. "गॉल स्टोनने पण होतं. मला माहितीये."

"असू शकतो. उद्या निघाल्यावर, रेंज आली की मी फोन करीन. तू ऐकत असताना करीन. पण मला तसं वाटत नाही."

"मग काय वाटतं?"

तो शब्द इंग्रजीत तिच्या जिभेवर तयार होता. हजारो वेळा तिने तो मायक्रोफोनमध्ये म्हटला होता, त्याच्या मागून येणाऱ्या ठरलेल्या वाक्यांसकट, गाठीचा आकार, कडा, आजूबाजूच्या रक्तवाहिन्या. तोंड उघडलं तर तोच आवाज येईल, अंधाऱ्या खोलीतला, याची तिला भीती वाटली. म्हणून ती मराठीत शोधू लागली, आणि नागपूरच्या शाळेतल्या शरीरशास्त्राच्या तक्त्यावरचा तो शब्द, जो तिने आयुष्यात एकदाही कोणाशी बोलताना वापरला नव्हता, तिला सापडला.

"स्वादुपिंड," ती म्हणाली.

केयाने भुवया आक्रसल्या. "म्हणजे?"

घरातल्या मराठीत पोट होतं, डोकं होतं, गुडघा होता. याच्यापर्यंत ती कधी पोचलीच नव्हती. शोभनाने स्लीपिंग बॅगमधून तिचा हात बाहेर काढला. थंडगार हात, नखांत चिखल भरलेला. आपला स्वेटर वर करून तिने तो बरगड्यांच्या खाली, मधोमध, उघड्या त्वचेवर ठेवला आणि वरून आपला हात दाबला. "इथे. पण मागे. खूप खोल."

केयाने हात काढला नाही. बोटं तिने किंचित पसरली, जणू त्या खोलवरच्या जागेचा अंदाज घेत.

"दुखतं?" तिने विचारलं.

"आज दुखलं," शोभना म्हणाली. "पहिल्यांदा."